हिवाळा, लहान मूल आणि श्वासाची गणती

दसरा-दिवाळी आटोपली आणि दख्खनच्या पठारावर उत्तरेकडील कोरडे वारे वाहू लागले, की ज्या घरात पाच वर्षांखालील मूल आहे त्या घरात चिंतेचा ऋतू सुरू होतो. नाक वाहणे, शिंका, अंग तापणे, रात्रीचा खोकला आणि त्यापायी घरातील सर्वांची झोपमोड असा क्रम एकदा लागला म्हणजे तो होळीपर्यंत सुटत नाही. मूल एका आजारातून उठते न उठते तोच दुसरा आजार त्याला गाठतो. पालक थकतात, घाबरतात आणि अशा मनःस्थितीत पुष्कळदा जे करावयास हवे ते राहून जाते व जे टाळावयास हवे ते हातून घडते. यास्तव या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे अगत्याचे आहे.

सिकंदराबादेतील एखादे मराठी घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. १९५६ सालापर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. पुढे १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादेत स्थापन झाले. त्यामुळे नांदेड-परभणीकडील माणसांना हे शहर परके वाटत नाही. अशा या घरात वडील रेल्वेत नोकरीला आहेत, आई शाळेत शिक्षिका आहे, नातवंडासाठी परभणीहून आलेली आजी आहे, आणि तीन वर्षांचे मूल नुकतेच बालवाडीत जाऊ लागले आहे. नोव्हेंबरात त्याला पहिली सर्दी झाली. डिसेंबरात ताप येऊन कान दुखला. संक्रांत जवळ आली तरी रात्रीचा खोकला थांबलेला नाही. आजी म्हणते, ‘‘पोराला गार वारा बाधला.’’ शेजारीण म्हणते, ‘‘दृष्ट काढा.’’ वडील म्हणतात, ‘‘आता डॉक्टर बदलून पाहू.’’ आई काहीच बोलत नाही. नोकरीपायी आपले मुलाकडे दुर्लक्ष होते, असा बोल ती मनातल्या मनात स्वतःला लावून घेते.

हेच घर नांदेडात आहे, चंद्रपुरात आहे आणि नाशिकजवळच्या एखाद्या खेड्यातही आहे. या सर्व बोलण्यात एक साधा प्रश्न मात्र राहून जातो. तो असा की, मूल या क्षणी मिनिटाला किती श्वास घेत आहे? हिवाळ्यातील बहुतेक आजार आपोआप बरे होणारे असतात. थोडे मात्र जीवघेणे असतात. या दोहोंतील भेद ओळखण्याचे सर्वांत सोपे साधन श्वासाची गणती हे होय, आणि ती कोणत्याही पालकास शिकता येते.

किती आजार स्वाभाविक मानावेत?

पाच वर्षांखालील निरोगी बालकास वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे हे स्वाभाविक आहे. बालवाडीत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या बालकास पहिल्या वर्षी ती दहा-बारा वेळाही होऊ शकते. प्रत्येक सर्दी साधारणतः सात ते दहा दिवस टिकते. तिच्यामागून येणारा खोकला कधी कधी दोन-तीन आठवडे रेंगाळतो. आता साधा हिशोब करून पाहावा. आठ सर्दी आणि प्रत्येकीचे दहा दिवस धरले तरी वर्षातील ऐंशी दिवस होतात. हे दिवस मुख्यत्वे पावसाळ्यात व हिवाळ्यात एकवटले म्हणजे ‘‘आमचे मूल कायमच आजारी असते’’ असे पालकांना वाटू लागते. ते वाटणे खोटे नव्हे; परंतु त्यावरून मुलात काही मोठा दोष आहे असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही.

असे का घडते? सर्दी उत्पन्न करणारे विषाणू दोनशेहून अधिक प्रकारचे आहेत. मोठ्या माणसाच्या शरीराची त्यांपैकी बहुतेकांशी पूर्वी गाठ पडलेली असते. बालकाच्या शरीराला मात्र यांतील प्रत्येक विषाणू नवा असतो. प्रत्येक आजारात त्याचे शरीर एकेका शत्रूची ओळख करून घेते आणि ती स्मरणात ठेवते. म्हणूनच सहा-सात वर्षांच्या पुढे हे आजारपण बहुतेक मुलांच्या बाबतीत आपसूक कमी होत जाते.

पालकांनी एक खूण ध्यानात ठेवावी. दोन आजारांच्या मधल्या काळात मूल खेळते, जेवते, हसते आणि त्याचे वजन वाढत राहते काय? तसे असेल तर वारंवार होणारी सर्दी हा त्याच्या वाढीचाच एक भाग समजावा.

दोष गार वाऱ्याचा की सहवासाचा?

सर्दीचे खापर आपण पिढ्यान्‌पिढ्या गार वाऱ्यावर फोडीत आलो आहोत. या संदर्भात सिकंदराबादेच्याच इतिहासातील एक प्रसंग आठवतो. एकोणिसाव्या शतकात हिवतापाचे कारण दूषित हवा होय, अशी समजूत जगभर रूढ होती. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी ‘वाईट हवा’ असा आहे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू आढळले आणि हवेवरचा आरोप दूर होऊन डासाकडे बोट वळले. या कार्याबद्दल रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खरे कारण कळल्यावरच उपायाची दिशा सापडते, हा त्या शोधाचा धडा सर्दीच्या बाबतीतही लागू पडतो.

उत्तर ध्रुवाजवळ स्पिट्सबर्गेन नावाचे बेट आहे. तेथील खाणकामगारांच्या वसाहतीचा १९३०-३१ च्या सुमारास अभ्यास करण्यात आला. हिवाळ्यात बर्फामुळे बंदर बंद होई व बाहेरचा माणूस तेथे येत नसे. त्या काळात थंडी अतिशय कडाक्याची असूनही सर्दीचे रुग्ण जवळजवळ नाहीसे होत. उन्हाळ्याच्या तोंडी पहिली बोट बंदराला लागली की थोड्याच दिवसांत वसाहतीत सर्दीची साथ पसरे. इंग्लंडमध्ये सॅलिसबरी येथे १९४६ ते १९८९ या काळात सर्दीच्या संशोधनासाठी एक खास केंद्र चालविले गेले. तेथे काही स्वयंसेवकांना ओल्या कपड्यांनिशी थंड जागेत उभे करण्यात आले, तरी त्यांना इतरांपेक्षा अधिक सर्दी झाली असे दिसून आले नाही.

याचा अर्थ थंडीचा काहीच संबंध नाही असा मात्र नव्हे. थंड व कोरड्या हवेत नाकाच्या आतील अस्तराची बचावशक्ती थोडी उणावते आणि काही विषाणू अधिक काळ तग धरतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थंडीत आपण दारे-खिडक्या लावून एकाच खोलीत जवळ जवळ झोपतो, आणि शेगडीचा व चुलीचा धूर घरातच कोंडून राहतो. एकाच्या शिंकेतील तुषार व त्याच्या हाताला लागलेला शेंबूड यांच्यावाटे सर्दी दुसऱ्याकडे जाते. तेव्हा मुलाला स्वेटर-कानटोपी घालण्याबरोबरच मोठ्यांनी स्वतःचे हात साबणाने धुणे, शिंकताना तोंडावर रुमाल धरणे, दिवसा खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवणे आणि सर्दी झालेल्या पाहुण्याने बाळाचा मुका न घेणे, ही पथ्ये अधिक गुणकारी ठरतात.

नवजात अर्भक व जन्मतः कमी वजनाचे बाळ यांना हा नियम थोडा निराळा आहे. त्यांच्या शरीराची उष्णता लवकर निघून जाते. म्हणून त्यांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ऊब द्यावी व डोके झाकावे. मोठ्या मुलास मात्र ताप असताना चार-चार कपड्यांत गुंडाळू नये. त्याने ताप अधिकच चढतो.

श्वास कसा मोजावा?

सर्दी-खोकल्याचा संसर्ग घशापर्यंतच राहिला तर तो सहसा आपोआप बरा होतो. तो फुप्फुसांत उतरला म्हणजे न्यूमोनिया होतो. कित्येक भागांत यालाच ‘डब्बा’ म्हणतात. फुप्फुसांची लवचिकता कमी झाल्यामुळे मूल लहान लहान पण जलद श्वास घेऊ लागते. खोकल्याचा आवाज किती मोठा आहे किंवा ताप किती चढला आहे यावरून न्यूमोनिया ओळखता येत नाही. श्वासाच्या वेगावरून त्याची शंका घेता येते. सूक्ष्म यंत्रे नसतानाही चालणारी ही कसोटी जागतिक आरोग्य संघटनेने स्वीकारली आहे.

मूल शांत असताना, शक्यतो आईच्या मांडीवर किंवा झोपेत असताना, त्याचा अंगरखा वर करावा. पोट व छाती एकदा वर येऊन खाली गेली म्हणजे एक श्वास समजावा. सेकंदकाटा असलेले घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये. मूल रडत असेल किंवा नुकतेच दूध प्यायले असेल तर थोडे थांबावे. संख्या अधिक आली तर पुन्हा एकदा मोजून खात्री करावी. खोकला असलेल्या बालकाचे श्वास पुढील मर्यादेइतके किंवा त्याहून अधिक भरले तर ते जलद समजावेत :

१. दोन महिन्यांच्या आतील बाळ : मिनिटाला ६०
२. दोन महिने पूर्ण ते एक वर्षाच्या आतील बाळ : मिनिटाला ५०
३. एक वर्ष पूर्ण ते पाच वर्षांच्या आतील मूल : मिनिटाला ४०

श्वास जलद असेल तर त्याच दिवशी मुलास डॉक्टरांकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. याबरोबरच छातीकडेही नीट पाहावे. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जात असेल तर आजाराने गंभीर रूप धारण केले आहे असे मानून उशीर करू नये.

पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले तरी रात्र-अपरात्र न पाहता मुलास तातडीने रुग्णालयात हलवावे : मूल अंगावर पीत नाही किंवा पाणीही घेत नाही, घेतलेले सर्व उलटून टाकते, त्याला झटके येतात, ते गुंगीत आहे व हाक मारली तरी नीट जागे होत नाही, शांत असतानाही श्वास घेताना घशातून घरघर आवाज येतो, ओठ किंवा जीभ निळसर दिसते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास जलद असणे, त्याने दूध सोडणे, त्याचे अंग तापणे किंवा थंड पडणे, यांतील कोणतीही एक गोष्ट तातडीची समजावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक फिरवावा. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेतून सुरू झाली व महाराष्ट्रात ती २०१४ पासून उपलब्ध आहे. सिकंदराबादेत शासनाचे गांधी रुग्णालय आहे आणि हैदराबादेत बालकांसाठी विख्यात असे निलोफर रुग्णालय आहे. किरकोळ तक्रारींसाठी २०१८ पासून वस्त्यावस्त्यांतून ‘बस्ती दवाखाने’ उघडण्यात आले आहेत.

गडचिरोलीचा दाखला

श्वास मोजणे हे सुशिक्षितांचेच काम, असे कोणी म्हणेल तर त्याने गडचिरोलीकडे पाहावे. तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. बालकांचे सर्वाधिक मृत्यू कशाने होतात याचा शोध घेताना न्यूमोनिया हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले. रुग्णालय दूर, वाहने तुरळक आणि पावसाळ्यात रस्ते बंद, अशा परिस्थितीत डॉक्टरची वाट पाहणे म्हणजे मूल गमावणे होते. तेव्हा गावातील आरोग्यसेवक व सुइणी यांनाच श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्याचे आणि तोंडावाटे प्रतिजैविक औषध देण्याचे शिक्षण देण्यात आले. सुइणींपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते व मोठे आकडे मोजणे अवघड जात होते. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकविण्याचे मणी असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. जपमाळ ओढणाऱ्या हातांना ही रीत अवघड गेली नाही.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या न्यूमोनियाच्या ६१२ रुग्णांपैकी मृत्यूचे प्रमाण शेकडा ०.८ इतके राहिले; जेथे हा कार्यक्रम नव्हता त्या तुलनेच्या गावांत ते शेकडा १३.५ होते. कार्यक्रमाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. जे गडचिरोलीच्या सुइणींना साधले ते घड्याळ हाताशी असलेल्या कोणत्याही आई-वडिलांना साधण्यासारखे आहे.

पुढे हाच विचार राष्ट्रीय पातळीवर स्वीकारला गेला. केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सांस’ ही न्यूमोनियाविरोधी मोहीम आरंभिली. १२ नोव्हेंबर हा जागतिक न्यूमोनिया दिन होय. त्या दिवसापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, म्हणजे नेमक्या हिवाळ्यात, ही मोहीम राबविण्याचे ठरविण्यात आले. गावातील आशा सेविकेकडून श्वास मोजण्याची रीत शिकून घेण्यास पालकांनी संकोच करू नये.

घरी काय करावे, काय टाळावे?

साध्या सर्दी-खोकल्यावर घरची शुश्रूषा हाच मुख्य उपचार होय. अंगावर पिणाऱ्या बाळाला वारंवार पाजावे. मोठ्या मुलास कोमट पाणी, वरणाचे पाणी, पेज, मऊ भात असे थोडे थोडे पण पुनःपुन्हा द्यावे. नाक चोंदले असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालून मग पाजावे. एक वर्षापुढील मुलास झोपण्यापूर्वी चमचाभर मध दिल्यास खोकल्याची ढास कमी होते. एक वर्षाच्या आतील बाळास मात्र मध मुळीच चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजकांपासून बाळाला विषबाधेचा धोका असतो. तापासाठी पॅरासिटामॉल हे औषध मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत द्यावे. ॲस्पिरीन देऊ नये.

आता टाळावयाच्या गोष्टी पाहू. बाळाला ओव्याची किंवा उदाची धुरी देण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. धूर कशाचाही असला तरी तो कोवळ्या फुप्फुसांस घातकच ठरतो. नाकात किंवा कानात तेल सोडू नये; तेलाचा थेंब श्वासनलिकेत उतरून त्यापासूनच न्यूमोनिया होऊ शकतो. कापराची पुरचुंडी लहान बाळाच्या गळ्यात बांधू नये. कापूर पोटात गेल्यास झटके येतात. उकळत्या पाण्याची वाफ देताना भांडे कलंडून मुले भाजल्याच्या घटना घडतात, म्हणून तीही टाळावी. छातीवर अथवा पोटावर डागणे ही तर क्रूर प्रथा होय. तिने आजार बरा होत नाही, जखमेची भर पडते आणि उपचारास उशीर होतो.

खोकल्याच्या औषधाविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने दूषित झालेले खोकल्याचे औषध पोटात गेल्यामुळे अनेक लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांपैकी कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणण्यात आले होते. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना दिली की, दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील बालकांनाही ती सर्वसाधारणतः देऊ नयेत. औषध शुद्ध असले तरी साध्या सर्दीचा काळ त्याने कमी होत नाही, हेही समजून घ्यावे.

तीच गोष्ट प्रतिजैविकांची. न्यूमोनियात ती प्राण वाचवितात. विषाणूंमुळे झालेल्या सर्दीवर ती निरुपयोगी असतात. मागच्या वेळची उरलेली बाटली पुढच्या सर्दीला वापरणे, किंवा ताप उतरताच औषध मध्येच बंद करणे, ही दोन्ही वर्तने अयोग्य होत.

आहार, लस आणि निर्धूर घर

सर्दी पूर्णपणे टाळता येत नसली तरी तिचे न्यूमोनियात रूपांतर होण्याची शक्यता निश्चित कमी करता येते. सिकंदराबादेजवळ तार्नाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे सुरू झालेले हे कार्य १९५८ च्या सुमारास हैदराबादेस आले आणि १९६९ साली संस्थेस सध्याचे नाव मिळाले. बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा ठराविक अंतराने देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला, त्यामागे या संस्थेतील संशोधन होते. कुपोषित मुलास संसर्ग लवकर होतो, संसर्गाने भूक मरते, भूक मेली की कुपोषण वाढते. हे दुष्टचक्र तोडावयाचे असेल तर आजारातही मुलाचे खाणे तोडू नये. आजार बरा झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जेवण अधिक द्यावे. केळे, दही, पेरू यांनी सर्दी होते म्हणून हिवाळाभर ती बंद ठेवण्याचे कारण नाही. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध व त्यानंतर दुधाबरोबर वरणभात, भाकरी, पालेभाजी, अंडे, शेंगदाण्याचे कूट असा घरचाच आहार पुरेसा आहे.

लसीकरणात खंड पडू देऊ नये. न्यूमोनिया उत्पन्न करणाऱ्या दोन प्रमुख जिवाणूंवर आता शासकीय लसीकरणात मोफत लस मिळते. हिब या जिवाणूवरील लस पेंटाव्हॅलंटमध्ये समाविष्ट आहे, आणि न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर देण्यात येत आहे. तिच्या मात्रा दीड महिना, साडेतीन महिने व नऊ महिने या वयात द्यावयाच्या असतात. डांग्या खोकला व गोवर यांवरील लसीही फुप्फुसांचेच रक्षण करतात. सर्दी किंवा किरकोळ ताप असल्यास लस पुढे ढकलण्याची सहसा आवश्यकता नसते. आरोग्यसेविकेस विचारून निर्णय घ्यावा.

घरात विडी-सिगारेट ओढू नये. स्वयंपाक चुलीवर होत असेल तर त्या वेळी बाळाला दुसऱ्या खोलीत किंवा ओसरीवर ठेवावे.

अधिक तपासणी केव्हा आवश्यक?

वारंवार होणारी सर्दी बहुधा स्वाभाविक असली तरी काही मुलांच्या बाबतीत तिच्यामागे दुसरे कारण दडलेले असते. वर्षातून दोन वेळा न्यूमोनिया होणे. वजन न वाढणे किंवा घटणे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहणे, विशेषतः घरात कोणास क्षयरोग असताना. रात्री व धावल्यावर छातीत सूं-सूं आवाज येणे. कानातून पू वाहणे. दूध पिताना घाम येऊन दम लागणे, ही लक्षणे दिसल्यास बालरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. बालदम्यासाठी फवाऱ्याच्या औषधाची सवय लागते ही भीती निराधार आहे. खेळताना मुलाला अचानक ठसका लागून त्यानंतर खोकला सुरू झाला असेल तर शेंगदाणा किंवा मणी श्वासनलिकेत अडकल्याची शंका घ्यावी व ही हकीकत डॉक्टरांना आवर्जून सांगावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ साली पालघर येथे झाला. त्याखाली अंगणवाड्यांतील व शाळांतील मुलांची मोफत तपासणी केली जाते. तिचा लाभ घ्यावा.

पालकांनी स्वतःस कसे सावरावे?

आजारी मुलापायी जागणाऱ्या पालकांची काळजी सहसा कोणी घेत नाही. चार रात्री जागलेली आई पाचव्या रात्री श्वास मोजावयास बसली तर तिची गणती चुकणारच. म्हणून घरात रात्रीची पाळी वाटून घ्यावी. पूर्वरात्र एकाने व उत्तररात्र दुसऱ्याने जागावे. वडिलांनी हे काम ‘मदत’ म्हणून न करता स्वतःचे कर्तव्य म्हणून करावे.

एक साधी वही ठेवावी. तीत तारीख, ताप, मिनिटाचे श्वास, दिलेले औषध व महिन्याचे वजन लिहावे. या वहीचे तीन उपयोग आहेत. डॉक्टर नवे असले तरी त्यांना पूर्वेतिहास कळतो; एकच औषध दोनदा दिले जात नाही; आणि हिवाळा संपल्यावर पाने चाळली म्हणजे पालकांना दिसून येते की इतक्या आजारपणातही मूल वाढतच होते. डॉक्टर वरचेवर बदलण्यापेक्षा एकाच डॉक्टरांना ही वही दाखविणे अधिक हितावह ठरते.

शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी ताप असलेल्या मुलास घरी पाठवावे, परंतु अनुपस्थितीबद्दल आई-वडिलांना टोचून बोलू नये. खिडक्या उघड्या ठेवणे, जेवणापूर्वी सर्वांचे हात धुऊन घेणे आणि शिक्षक-पालक सभेत घड्याळ लावून श्वासाच्या गणतीचे प्रात्यक्षिक दाखविणे, एवढे त्यांनी केले तरी पुष्कळ कार्य होईल. मुलाच्या सर्दीचा दोष आईच्या नोकरीला, तिच्या दुधाला किंवा कोणाच्या दृष्टीला देऊ नये. विषाणू घराची जात-पात पाहत नाही आणि आईची माया मोजून येत नाही.

आता पुन्हा सिकंदराबादेतील त्या घराकडे वळू. संक्रांतीच्या आदल्या रात्री मूल खोकून उठते. आजी देवघरातील दिव्याजवळ त्याला मांडीवर घेते, अंगरखा वर करते आणि वडील मनगटावरील घड्याळ तिच्यासमोर धरतात. मिनिट संपते. अडतीस. थोड्या वेळाने पुन्हा मोजतात, सदतीस. बरगड्यांखाली खड्डा पडत नाही, मूल घोटभर पाणी पिते आणि आजीच्या खांद्यावर मान टाकून झोपी जाते. आई वहीत दोन्ही आकडे लिहिते आणि दिवा बारीक करते. आकडा चाळीस किंवा त्याहून अधिक आला असता तर काय करावयाचे, तेही या घराला आता ठाऊक आहे. प्रत्येक घराला ते ठाऊक होणे, हाच हिवाळ्यातील बालमृत्यू टाळण्याचा राजमार्ग होय.